बंगळूरचं बीजगणित : १९३५ ते १९४६

बनशंकरीला हिरव्या मार्गाची मेट्रो धरायची, मॅजेस्टिकला उतरून जांभळ्या मार्गावर जायचं, की पुढचंच स्टेशन सेंट्रल कॉलेजचं. मॅजेस्टिकला न उतरता तसंच यशवंतपूरच्या बाजूला गेलं की इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स जवळ येतं. जुने बंगळूरकर त्याला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात. बदामीची बनशंकरी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदेवता, त्यामुळे इथल्या देवळात मंगळवारी, शुक्रवारी लिंबाच्या सालीतले दिवे लावणाऱ्या बायकांत मराठी बोलणंही कानावर येतं. पण या लेखाचा संबंध मेट्रोवरच्या त्या दोन संस्थांशी आहे. १९३५ ते १९४६ या अकरा वर्षांत तिथे जे गणित झालं, त्याची गोष्ट आपल्याकडे सलग कुणी सांगत नाही. होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. बंगळूरच्या दिवसांतले भाभा हे कागद-पेन्सिलीचे माणूस होते, आणि त्यांच्या आसपास जे उगवलं ते मुख्यतः बीजगणित होतं.

तेव्हाचं बंगळूर लहान होतं. दक्षिणेला वस्ती बसवनगुडीच्या पलीकडे फारशी सरकलेली नव्हती. जयनगरची आखणी स्वातंत्र्यानंतरची, बनशंकरीच्या वसाहती त्याहून पुढच्या. विज्ञानाच्या बाबतीत मात्र हे गाव वेगाने मोठं होत होतं. १९३३ साली सी. व्ही. रामन टाटा इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची स्थापना केली आणि तिचं ‘प्रोसीडिंग्ज’ हे नियतकालिक सुरू केलं. लंडनच्या टपालाची वाट न पाहता आपलं काम आपल्याच देशात छापता यावं, ही त्यामागची तळमळ.

त्याच सुमारास जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू प्राध्यापकांवर घरदार सोडायची पाळी आली. त्यांतले एक मॅक्स बॉर्न. १९२५ साली गॉटिंगेनमध्ये तरुण हायझेनबर्गने आकड्यांचे काही विचित्र तक्ते मांडले होते आणि त्यांच्या गुणाकाराचा एक नियम दिला होता. हे तक्ते म्हणजे गणितातले मॅट्रिक्स आहेत, हे ओळखलं ते बॉर्न यांनी. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम उलटला की उत्तर बदलतं. भाजणी करताना धान्य आधी भाजून मग दळलं काय आणि आधी दळून मग भाजलं काय, डब्यात येणारं पीठ एक नसतं, तसंच हे. शाळेत शिकलेला, तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा हा नियम अणूच्या आत चालत नाही, हे भौतिकशास्त्राला तेव्हा कळलं. अमूर्त बीजगणित भौतिकशास्त्राच्या घरात शिरलं ते या दाराने.

रामन यांच्या निमंत्रणावरून हे बॉर्न १९३५ च्या शरदात पत्नीसह बंगळूरला आले आणि सुमारे सहा महिने राहिले. त्यांना इथेच कायमचं प्राध्यापकपद द्यावं असा रामन यांचा प्रयत्न होता. इन्स्टिट्यूटमधल्या सभेत एका इंग्रज प्राध्यापकाने त्याला विरोध केला. आपल्याच देशाने हाकलून दिलेला हा दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आपल्याला कशाला हवा, अशा आशयाचं तो बॉर्न यांच्या देखत बोलला. घरी येऊन आपल्याला रडू कोसळलं, असं बॉर्न यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. १९३६ साली ते एडिनबरोला गेले, १९५४ साली त्यांना नोबेल मिळालं. संचालकपदावरून रामन १९३७ साली दूर झाले. आपल्या विज्ञानाच्या इतिहासातल्या फार लाजिरवाण्या प्रसंगांपैकी सभेतला तो एक, असं मला मनापासून वाटतं. जगातलं एक मोठं घराणं बंगळुरात रुजण्याची संधी एका सभेत गेली.

तरी सहा महिने पुरते वाया गेले नाहीत. सेंट्रल कॉलेजात गणित शिकवणारे बी. एस. माधवराव बॉर्न यांच्या क्षेत्रसिद्धांतावर काम करू लागले, आणि १९३६ च्या प्रोसीडिंग्जमध्ये त्यांचे त्या विषयावरचे निबंध छापून आले. माधवरावांचं नाव आज गणिताच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं. या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

होमी भाभांचं बंगळूरला येणं ठरवून झालेलं नव्हतं. केंब्रिजमध्ये त्यांचं नाव झालं होतं. १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला होता. १९३९ साली ते सुटीला म्हणून मुंबईला आले आणि सप्टेंबरात युद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे रीडर म्हणून त्यांची सोय झाली. १९४१ साली, एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी नागपूरला भरलेल्या अ‍ॅकॅडमीच्या अधिवेशनात रामन यांनी त्यांची ओळख करून देताना थेट लिओनार्दो दा विंचीची आठवण काढली. रामन सहजासहजी कुणाची स्तुती करणाऱ्यांतले नव्हते.

विश्वकिरणांचे प्रयोग चालू होते, फुगे आकाशात सोडले जात होते. पण युद्धाच्या दिवसांत उपकरणं मिळणं कठीण, परदेशी नियतकालिकं उशिरा येणार. विचार करायला मात्र भरपूर सवड. भाभांनी हात घातला तो एका मुळातल्या प्रश्नाला : मूलकणांची समीकरणं कोणत्या साच्यातली असू शकतात?

हा प्रश्न जरा जवळून पाहू, कारण त्यातच या काळाचा जीव आहे.

१९२८ साली डिरॅकने इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहिलं. त्यात चार मॅट्रिक्स येतात. नियम असा, की त्यांतल्या कुठल्याही दोघांचा क्रम बदलला तर गुणाकाराचं चिन्ह उलटतं, आणि कुठल्याही एकीला तिनेच गुणलं तर एक किंवा उणे एक उरतो. एवढ्या भांडवलावर किती वेगवेगळे गुणाकार तयार होतील? एकही न घेता १, एकेक घेऊन ४, दोन-दोन घेऊन ६, तीन-तीन घेऊन ४, चारही घेऊन १. बेरीज १६. आणि १६ म्हणजे ४ गुणिले ४. त्यामुळे या बीजगणिताला मूर्त रूप एकच, चार ओळी नि चार स्तंभांचं. इलेक्ट्रॉनच्या समीकरणात चार घटक का असतात, याचं उत्तर या बेरजेत आहे. कुठलाही प्रयोग न करता केवळ गुणाकाराच्या नियमावरून निसर्गातल्या एका वस्तूला किती घटक असणार हे कळावं, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे १९३८-३९ मध्ये डफिन आणि केमर यांनी मेसॉन या कणासाठी दुसरं बीजगणित मांडलं. तिथे नियम दोघांच्या गुणाकाराचा नसून तिघांच्या गुणाकाराचा आहे. या बीजगणिताचा पसारा १२६ घटकांचा. हा आकडा अडनिडा वाटतो, पण तो फोडून पाहा : १२६ म्हणजे १ चा वर्ग, ५ चा वर्ग आणि १० चा वर्ग यांची बेरीज. १, २५ आणि १००. यातला एकाचा भाग निरर्थक, पाचाचा भाग स्पिन, म्हणजे अंगभूत फिरकी, शून्य असलेल्या कणाचा आणि दहाचा भाग स्पिन एक असलेल्या कणाचा. पाच कसे? क्षेत्राची स्वतःची किंमत एक, आणि काळ नि अवकाशाच्या चार दिशांना ती कशी बदलते याचे चार आकडे. दहा कसे? विद्युत क्षेत्राचे तीन घटक, चुंबकीय क्षेत्राचे तीन, आणि विभवाचे चार. बीजगणिताने फोड करून दिलेले तुकडे बरोबर भौतिकशास्त्राच्या मापाचे निघतात.

भाभांनी या सगळ्यांना एका छत्राखाली आणलं. सापेक्षतेचा सिद्धांत सांगतो की अवकाश-काळाची सहा प्रकारची परिवर्तनं करता येतात : तीन फिरवण्याची, तीन वेग बदलण्याची. समीकरणातल्या चार मॅट्रिक्स त्यांत मिळवल्या की होतात दहा. या दहा जणांनी मिळून एक बंदिस्त कुटुंब करावं, कुठल्याही दोघांच्या सुलट आणि उलट गुणाकारांतला फरक मोजला तर उत्तर घरातच मिळावं, अशी अट भाभांनी घातली. आणि असं दहा जणांचं कुटुंब गणितात आधीपासून तयार होतं : पाच मितींमधल्या परिवलनांचं. त्याची रूपं ओळीने मांडली की त्यांत ४ येतं, तो इलेक्ट्रॉन. ५ आणि १० येतात, ते मेसॉन. आणि पुढे १६ आणि २० येतात, ते दीड स्पिनच्या कणाचे. हा दीर्घ निबंध १९४५ साली ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’च्या नील्स बोर यांच्या साठीनिमित्त काढलेल्या अंकात आला. ही समीकरणं आज भाभांच्या नावाने ओळखली जातात.

हे काम रंगात आलं असतानाच १९४३ साली अलाहाबादहून एक वीसेक वर्षांचा मुलगा आला. हरिश्चंद्र. जन्म कानपूरचा, ११ ऑक्टोबर १९२३ चा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिरॅकचं पुस्तक हाती लागलं आणि त्याने भौतिकशास्त्राचा ध्यास घेतला. के. एस. कृष्णन त्याचे शिक्षक. एम.एस्सी.च्या परीक्षेला रामन परीक्षक होते आणि त्यांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. कृष्णन यांच्या शब्दाने तो भाभांकडे आला.

बंगळुरात सुरुवातीला तो राहिला काळे कुटुंबाकडे. हे आडनाव वाचलं की मराठी वाचक थबकतोच. काळेबाईंनी त्याला अलाहाबादेत फ्रेंच शिकवलं होतं. काळे हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि टाटा इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल. घरात एक लहान मुलगी होती, ललिता. १९५२ साली हरिश्चंद्र अमेरिकेहून भारतात आले तेव्हा त्यांचं लग्न या ललिता काळे यांच्याशी झालं. आधुनिक गणितातल्या एका थोर माणसाला उमेदवारीच्या दिवसांत घर मिळालं ते या काळ्यांचं, एवढी गोष्ट तरी मराठीत नोंदलेली असावी.

भाभा आणि हरिश्चंद्र यांची जोडी चांगली जमली. दोघांनाही चित्रकलेचं वेड. बिंदुरूप कणांच्या गतीवर त्यांनी मिळून लिहिलेले निबंध रॉयल सोसायटीने छापले. पण हरिश्चंद्रांचा स्वतःचा कल कुठे होता हे कळतं ते त्यांच्या एकट्याच्या लेखनातून. ‘डिरॅक-मॅट्रिक्सचं बीजगणित’ या विषयावरचा त्यांचा निबंध अ‍ॅकॅडमीच्या प्रोसीडिंग्जच्या २२ व्या खंडात, १९४५ साली आला. दहा-बारा पानांचं काम. त्यात प्रयोगशाळा नाही, कणांची छायाचित्रं नाहीत. नियम मांडायचा आणि त्यातून काय काय अपरिहार्यपणे निघतं ते एकेक पायरी चढत पाहायचं. पुढे मेसॉनच्या मॅट्रिक्सवरही त्यांनी असंच लिहिलं. भौतिकशास्त्राच्या पंगतीत बसलेला हा मुलगा मनाने गणिती आहे, हे ती पानं वाचणाऱ्याला तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

आणि आता सेंट्रल कॉलेजचे माधवराव. दीड स्पिनच्या कणासाठी डिरॅक किंवा डफिन-केमर यांच्यासारखं बीजगणित कसं असेल, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यांच्याबरोबर व्ही. आर. तिरुवेंकटाचार आणि के. वेंकटाचलय्यंगार. इथे गुणाकाराचा नियम चौघांच्या पातळीवर जातो. तो हातांनी सोडवणं म्हणजे ओळीच्या ओळी, पानंच्या पानं. एका जागी चिन्ह चुकलं तर सगळं पुन्हा. या तिघांचा निबंध १९४६ साली रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जच्या १८७ व्या खंडात प्रसिद्ध झाला. ही कॉलेजात गणित शिकवणारी माणसं होती. भाभांच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी यांच्या वाट्याला कधीच आली नाही, आणि ती मिळवायची धडपडही त्यांनी केलेली दिसत नाही. वेंकटाचलय्यंगार पुढे रामानुजनच्या लंबवर्तुळी फलांकडे वळले. १९८८ साली, ऐंशीच्या घरात असताना, त्यांचा त्यावरचा ग्रंथ मदुराईहून निघाला आणि रामानुजनचे अभ्यासक आजही तो उघडतात.

भाभांचं समीकरण भौतिकशास्त्रात हरलं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. दीड स्पिनच्या कणाला त्या समीकरणाप्रमाणे दोन वस्तुमानं असायला हवीत, एक दुसऱ्याच्या तिप्पट. अशी जोडी निसर्गात सापडली नाही. मूळ कल्पना मात्र, कणांची यादी परिवर्तनांच्या गटांच्या रूपांवरून वाचायची ही, खरी ठरली. १९६१ साली गेल-मान आणि नेमन यांनी वेगळ्या गटावर तिचाच वापर केला आणि १९६४ साली ओमेगा-वजा हा कण गणिताने सांगितलेल्या जागी सापडला. भाभांना त्याचं श्रेय देणं ओढूनताणून होईल. पण बंगळुरात ही माणसं ज्या दिशेला तोंड करून बसली होती ती दिशा बरोबर होती, इतकं म्हणायला पुरावा आहे.

१९४५ मध्ये सगळं भराभर बदललं. मार्च १९४४ मध्ये भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची स्वतंत्र संस्था मागितली होती. १ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली ती बंगळुरातच. वर्षाअखेरीला ती मुंबईला हलली. १९ डिसेंबरला पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात उद्घाटन झालं. ज्या घरात भाभांचा जन्म झाला, तेच हे त्यांच्या मावशीचं घर. पुण्याहून दामोदर कोसंबी येऊन मिळाले. १९४८ साली फ्रीडरिश लेव्ही आले. तेही हिटलरमुळे जर्मनी सोडून कलकत्त्याला आलेले, अमूर्त बीजगणित भारतात शिकवणाऱ्या पहिल्या काही जणांतले. बॉर्नना बंगळूर ठेवू शकलं नाही, पण लेव्हींना कलकत्त्याने आणि मग मुंबईने सांभाळलं.

हरिश्चंद्र १९४५ सालीच केंब्रिजला डिरॅककडे गेले होते. १९४७ साली डॉक्टरेट झाली आणि डिरॅकबरोबर ते प्रिन्स्टनला गेले. सापेक्षतेतल्या त्या सहा परिवर्तनांच्या, म्हणजे लोरेंट्झ गटावरच्या, आपल्या कामातल्या सिद्धता पक्क्या नाहीत अशी कबुली त्यांनी डिरॅकला दिली. डिरॅकचं उत्तर असं, की मला सिद्धतांशी कर्तव्य नाही, निसर्ग काय करतो एवढंच मला हवं. हरिश्चंद्रांना यातून जे उमगलं ते त्यांनी पुढे सांगितलं आहे : भौतिकशास्त्रज्ञाला लागणारं सहावं इंद्रिय आपल्यापाशी नाही. लवकरच ते गणिताचेच झाले. बंगळुरात चार-पाच घटकांच्या मॅट्रिक्स उलगडणाऱ्या माणसाने पुढची तीस-पस्तीस वर्षं सगळ्या अर्धसरल ली गटांच्या अनंत मितींच्या रूपांचा शास्त्रोक्त पाया रचण्यात घालवली. १९६० च्या दशकात त्यांनी त्यांतल्या ‘विविक्त श्रेणी’ या रूपांचं संपूर्ण वर्गीकरण दिलं. ही रूपं कधी असतात, किती असतात, त्यांची ओळख कशी पटवायची, हे सारं सिद्ध केलं. रूप प्रत्यक्ष कसं बांधायचं, एवढं मात्र बाकी राहिलं होतं. १६ ऑक्टोबर १९८३ रोजी प्रिन्स्टन इथे ते वारले.

त्या उरलेल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यांच्या हयातीतच आलं, आणि ते मुंबईहून आलं. कुलाब्याला, बंगळुरात जन्मलेल्या त्याच संस्थेत काम करणाऱ्या आर. पार्थसारथी यांनी दाखवलं की हरिश्चंद्रांच्या विविक्त श्रेणीतली बहुतेक रूपं डिरॅकच्या समीकरणाच्या उकलींमधून बांधता येतात. चिन्ह उलटवणाऱ्या त्याच मॅट्रिक्स, ज्यांच्या बीजगणितावर हरिश्चंद्रांनी १९४५ साली दहा-बारा पानं लिहिली होती. पार्थसारथींचा निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’च्या ९६ व्या खंडात १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात डिरॅकची क्रिया आणि विविक्त श्रेणी ही दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत.